बटणांच्या डब्यातली शिट्टी

आधी त्याचं हसणं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. माणूस साधाच, फ्रिज दुरुस्त करणारा. पण खळखळून हसला की शेवटी नाकातून एक बारीक शिट्टी वाजायची. त्या शिट्टीवर भाळूनच तर शिवणवालीने त्याच्याशी लग्न केलं! आणि आता ती शिट्टी वाजायची फोनसाठी. दुपारी जेवायला घरी यायचा, पाण्याच्या तांब्याला फोन टेकवायचा, की झालं सुरू. हिने विचारलं, "काय एवढं?" तर म्हणायचा, "काही नाही गं, असंच."

असंच! तिच्या अंगाचा नुसता तिळपापड. सवत असती तर झिंज्या तरी धरल्या असत्या. इथे धरायचं काय, चार्जर?

एक दिवस तिने बटणांचा पत्र्याचा डबा रिकामा केला आणि टेबलावर आपटला. "जेवताना दोघांचे फोन यात."

"दोघांचे?"

"दोघांचे!"

त्याने निमूट टाकला. तिने टाकल्यासारखं केलं आणि हळूच खिशात सरकवला. गिऱ्हाइकाचा मेसेज आला तर? आणि खालच्या मजल्यावरच्या नणंदेच्या फोटोला किती लाइक पडले, तेही बघायचं होतंच की!

नवरा अगदी सुधारला. समोर बघून जेवायचा, शिवणाची चौकशी करायचा. फक्त हसायचा नाही. दर वेळी ब्लाउजला लग्नाआधीचंच माप सांगणाऱ्या गिऱ्हाईक बाईची तिने हुबेहूब नक्कल केली. तो म्हणाला, "छान."

आणि शिट्टी वाजली.

डब्यातून. त्याचे ओठ तर मिटलेले, घास चावत होता.

तिने झाकण उघडलं. फोन बंद, गारढोण.

"ऐकलंस?"

"काय?"

मग हे रोजचंच झालं. त्यात भर म्हणून नणंद जिन्यात भेटली आणि म्हणाली, "वहिनी, मजा आहे बाई तुमची! दादा किती हसतो हल्ली दुपारी. लग्नाच्या वेळी हसायचा ना, अगदी तस्सा."

शिवणवाली लालबुंद झाली. तस्सा? पण कोणासाठी?

बघतेच आता कोण आहे ती, म्हणत दुसऱ्या दुपारी तिने रेकॉर्डिंग लावलं आणि आपलाही फोन त्याच्या फोनशेजारी ठेवला. नियम पहिल्यांदाच पुरा पाळला गेला. झाकण घट्ट लावलं. जेवायला बसली.

शिट्टी वाजली. आणि शिट्टीपाठोपाठ डब्यातच एक बाई हसली.

हसता हसता ती बाई कशावर तरी थापा मारत होती. थप, थप. शिवणवालीच्या हातातला घास तसाच राहिला. असं थापा मारत हसायची खोड तिचीच. आवाजही तिचाच, पण पूर्वीचा. मोकळा.

तिनेही हसून बघितलं. तोंड उघडलं. आवाज आलाच नाही.

"मीठ दे," नवरा म्हणाला.

तिने दिलं.

त्या बाईचा तिला इतका हेवा वाटला, की राहवेना. उठली. डब्याला कान लावला.

पत्रा कोमट होता, अंगासारखा.

आतलं हसणं एकदम थांबलं.

नवरा समोर खाली मान घालून जेवत होता. आणि डब्यातून त्याचाच आवाज कुजबुजला, "हळू गं. बाहेरची ऐकतेय."