दुसरी खाच

"खालची गाडी मला का देत नाही, ते एकदा सांगाच काका," सौरभ म्हणाला. "नुसती उभी आहे ना? मी इंदूरला नेतो, मस्त बनवून घेतो."

फ्रीगंज भागातली लाइट सव्वाआठला गेली होती. श्रीधरकाकांनी कंदिलाची वात कमी केली. खाटेवर सायली, सौरभची बहीण, पाय पोटाशी घेऊन रजईत बसली होती.

"सांगतो. पण मध्ये हसायचं नाही. गाडी माझ्या मित्राची, गोपाळची. त्याची वहीसुद्धा आहे माझ्याकडे. तारखा, वेळा सगळ्या त्याच्या. माझ्या पदरचं काही नाही."

मग ते नेहमीच्या संथ आवाजात सांगू लागले.

बुधवार, १० जानेवारी १९९६. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर गोपाळ तांब्याचा एक वॉशर आणायला आगर रोडवर माणिक मिस्त्रीकडे गेला. गोपाळ सिंचाई विभागात ड्राफ्ट्समन होता. सहा फूट उंच, आणि पेन्सिलीला टोक काढायलाही पाच मिनिटं घेणारा. सरकारी लिलावातून त्याने ही जुनी डिझेल गाडी घेतली होती, ती बायकोसाठी. कुसुमला दमा होता. हिवाळ्यात केव्हा दवाखाना गाठावा लागेल याचा नेम नसे, आणि त्यांचं घर गावाबाहेर, नानाखेड्याच्याही पुढे, नव्या कॉलनीत. निम्म्या प्लॉटवर तेव्हा नुसते पाये खणलेले.

आणि नेमकी थंडीतच ती गाडी सुरू होत नसे.

डिझेलच्या गाडीत ठिणगी नसते. आत दाबलेली हवा तापते आणि त्या उष्णतेनेच डिझेल पेटतं. इंजिन गार असेल तर आधी हीटर प्लग लाल करायचे, पंचवीस आकडे मोजेपर्यंत. एवढं करूनही डिझेलच्या नळीत हवा शिरलेली असेल तर गाडी दोनदा खोकून बंद. मग बॉनेट उघडून हातपंपाने डिझेल वर खेचत बसायचं.

गोपाळने या दुखण्यासाठी वही घातली होती. तारीख, वेळ, थंडी किती, हीटर किती, पंप किती, कितव्या झटक्याला सुरू. त्याचा नियम एकच होता. एका वेळी एकच वस्तू बदलायची आणि आठ दिवस नुसती नोंद ठेवायची. नोव्हेंबरात बॅटरी बदलली. डिसेंबरात फिल्टर. सात जानेवारीला हीटर प्लग.

माणिक मिस्त्रीने त्या संध्याकाळी फिल्टरच्या जोडावर बोट ठेवलं. "बाबूजी, चोर मिल गया. यहाँ से हवा खींच रही है. रातभर में डीज़ल वापस टंकी में उतर जाता है. वाशर घिस गया. दस मिनट का काम है, लगा दूँ?"

"नहीं मिस्त्री. इतवार को मैं खुद लगाऊँगा. प्लग का हफ्ता पूरा नहीं हुआ अभी."

"तो?"

"आज दोनों चीज़ें बदल दीं तो पता कैसे चलेगा ठीक किससे हुई?"

मिस्त्रीने हात पुसले. "बाबूजी, गाड़ी चलानी है कि परीक्षा देनी है?"

गोपाळ हसला. वॉशर काडेपेटीत ठेवून काडेपेटी त्याने कोटाच्या खिशात टाकली. मीही बरोबर होतो, वाटेत मला घरी सोडलं त्याने. पुढे दळणाचा डबा होता, म्हणून मी मागे, त्याच्या पाठीशी बसलो होतो. त्याची सीट इतकी मागे सरकवलेली, की मला पाय आडवे घ्यावे लागले. हे लक्षात ठेवा.

"का?" सायलीने विचारलं.

"ठेव तर."

आता त्या नवराबायकोची सकाळची रीत. गाडी सुरू करायला दोघं लागत. पंप सोडला की डिझेल लगेच खाली उतरायचं, म्हणून एकाने बॉनेटपाशी पंप मारत राहायचं आणि दुसऱ्याने आत किल्लीवर बसायचं. काचा बंद, कारण गार हवा लागली की कुसुमला ढास लागे. मग आवाज कसा पोचणार? गोपाळ बोटातल्या अंगठीने पत्र्यावर ठोकायचा. एक ठोका, हीटर लाव. दोन ठोके, किल्ली फिरव. क्लच पूर्ण दाबून. गार तेलात गिअर जड जातात ना, क्लच दाबला की तेवढाच भार कमी.

कुसुम बुटकी होती. क्लचपर्यंत पाय पोचावा म्हणून ती सीट बरीच पुढे ओढायची. सीटखालच्या पट्टीला सहा खाचा होत्या. गोपाळची सहावी, तिची दुसरी. रोज सकाळी गाडी सुरू झाली की गोपाळ घाईघाईने आत शिरायचा आणि त्याचे गुडघे स्टिअरिंगवर आपटायचे.

"अगं, उतरताना मागे करत जा ना ही!"

"रोज आपटता, तरी बघून बसत नाही. वहीत लिहा ना, गुडघे किती वेळा आपटले ते."

आणि खरंच त्याने तसा रकाना आखला होता. वहीत आहे. मी पाहिलाय.

काका घोटभर पाणी प्यायले.

त्या रात्री बुधवार संपून गुरुवार लागला होता. पौषातला वद्य पक्ष. पहाटे साडेतीनला दहा मिनिटं कमी असताना कुसुम उठून बसली. श्वास आत जाईना. गोळी झाली, वाफ झाली. ओठ निळे पडायला लागले.

"अहो... चला," एवढंच म्हणाली.

दवाखाना इथेच फ्रीगंजमध्ये, गाडीने पंधरा मिनिटं. ऑक्सिजन लागला की तासाभरात ती मोकळी व्हायची, दोनदा झालेलं. म्हणजे प्रश्न फक्त पंधरा मिनिटांचा होता. गोपाळने तिला उचलून मागच्या सीटवर बसवलं. रजई गुंडाळली, पायांत लोकरी मोजे घातले, डोकं खिडकीच्या काचेला टेकवून दिलं. काचा बंद केल्या.

हीटर. पंचवीस. किल्ली. गाडी खोकली आणि गप्प.

बॉनेट उघडून चाळीस वेळा पंप मारला. धावत आत आला. तेवढ्यात डिझेल उतरलेलं. पुन्हा खोकली. पुन्हा गप्प.

"शेजाऱ्यांना उठवायचं ना! धक्का मारायचा," सौरभ म्हणाला.

"शेजारी एकच, दिलीप. त्याचं कुटुंब पुण्याला गेलेलं, दाराला कुलूप. फोन होता तो त्याच्याच घरात. जमीन सपाट, गाडी दीड टनाची. एकट्याने दोन हात हलली आणि थांबली. बस स्टँडवर रिक्षा बघायला निघाला, तर कुसुमने काचेवर हात ठेवला. जाऊ नका म्हणून. धुकं असं, की फाटक दिसत नव्हतं. परत फिरला बिचारा."

तिसऱ्यांदा किल्ली फिरवली. नुसतं टक्. बॅटरी बसली.

तेव्हा त्याला कोटातली काडेपेटी आठवली.

दहा मिनिटांचं काम. मिस्त्री म्हणाला होता, दहा मिनिटं. त्याने टॉर्च दातांत धरला. पाना लावला. बोटं बधिर झालेली. जुना वॉशर निघाला. नवा चिमटीत धरला... आणि सुटला. इंजिनच्या लोखंडावर टिण् वाजलं. मग खाली कुठेतरी. मग काहीच नाही.

गुडघ्यांवर बसून त्याने जमीन चाचपली. माती. खडे. दंव. त्या शांततेत मागच्या बंद काचेतूनही कुसुमच्या छातीची शीळ ऐकू येत होती. बारीक, सुईसारखी. तो चाचपत राहिला. वॉशर सापडला नाही. झिजलेलाच परत बसवला आणि बोल्ट आवळला.

त्याच वेळी त्याच्या लक्षात आलं, की शीळ थांबलीय.

बरं वाटत असेल, त्याला वाटलं. झोप लागली असेल. त्याने वळून पाहिलं नाही. हे त्याने मला पुढे तीन-चारदा सांगितलं. "श्रीधर, मी वळून पाहिलं नाही रे."

तो पंप मारत राहिला. का, ते त्यालाही माहीत नव्हतं. बॅटरी मेलेली, आत किल्लीवर कुणी नाही. हात थांबले तर काय करायचं ते कळत नव्हतं, म्हणून कितीतरी वेळ मारत होता. तीस. पस्तीस. चाळीस. आणि चाळीस झाल्यावर रोजच्या सवयीने अंगठीचा ठोका पडला.

एक.

काचेवर लाल ठिपका उमटला.

हीटरचा दिवा.

बॉनेट उघडं, त्यामुळे आतलं दिसत नव्हतं. फटीतून काचेची एक पट्टी, आणि धुक्यात तो लाल ठिपका.

"कुसुम? अगं, उठलीस कशाला तू..."

उत्तर नाही. पण सीटखालची पट्टी वाजली. करकर. मग क्लच दाबल्याचा आवाज.

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदाने. ती उठलीय. बरी आहे. त्याने मोजायला सुरुवात केली. दहा. पंधरा. हात पंपावर. वीस. पंचवीस.

दोन ठोके.

पहिल्या झटक्यात. मेलेल्या बॅटरीवर... पहिल्या झटक्यात गाडी सुरू झाली.

त्याने बॉनेट आदळलं.

पुढची सीट रिकामी होती.

कुसुम मागे. रजई तशीच. डोकं काचेला तसंच टेकलेलं.

"परत मागे जाऊन बसलीस? शहाणी गं माझी," तो म्हणाला. दार उघडून आत शिरला. गुडघे आपटले. सीट मागे घ्यायला वेळ नव्हता. तसाच, गुडघे छातीशी घेऊन निघाला. वाटभर बोलत होता. आता हरिफाटक आलं. आता पूल. आता पोचलोच.

चार चाळीसला दवाखान्यात पोचला. डॉक्टरांनी कुसुमचा हात उचलला, पापणी उघडून पाहिली. मग त्याच्याकडे पाहिलं.

"कब से ऐसी हैं?"

"अभी तो ठीक थीं. गाड़ी इन्होंने ही चालू की. पंद्रह मिनट हुए."

डॉक्टरांनी तिचा हात खाली ठेवला. "बाबूजी... इन्हें गुज़रे आधे घंटे से ऊपर हो चुका है."

सायलीने रजई गळ्यापर्यंत ओढली. खाली रस्त्यावर एक कुत्रं भुंकून थांबलं.

"मला निरोप आला साडेसहाला," काका म्हणाले. "गाडी आणायला मीच गेलो. दार उघडून बसलो आणि माझेही गुडघे आपटले. दुसरी खाच. आदल्या संध्याकाळी मी त्याच सीटच्या मागे बसलो होतो पोरांनो, मला विचारा कुठे होती ती. बॅटरी तपासली. दिवासुद्धा लागत नव्हता."

"आणि गोपाळकाका?" सायलीने विचारलं.

"रविवारी, चौदा तारखेला, त्याने दुसरा वॉशर आणून बसवला. ठरल्याप्रमाणे. बॅटरी भरून आणली. हीटर पंचवीस, पंपाची गरजच नाही, गाडी एकट्याने सुरू. वहीत तेवढी नोंद केली आणि वही मिटली. तासभर इंजिन चालू ठेवून बसला होता, नुसता. मग किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाला, दोष सापडला. आता भोपाळला असतो बहिणीकडे, सुलूकडे. बोलत नाही फारसा."

"पण मग... सुरूच कशाला केली त्यांनी?" सायली म्हणाली. "त्या तर आधीच..."

काका म्हणाले, "तेच तो विचारत असतो. मला नाही सांगता येत."

सौरभ म्हणाला, "काका, एखाद वेळेस गोपाळकाकांनीच सीट पुढे केली असेल. घाबरलेला माणूस. त्यांच्या लक्षात नसेल."

"असेल."

काका उठले. कपाटातून किल्ली काढून त्यांनी सौरभच्या हातावर ठेवली. "ही एकच किल्ली, हिला जोड नाही. गाडीला गेली दोन वर्षं बॅटरी नाही, ती बघ त्या फळीवर पडलीय. यंदा दिवाळीला झाडलोट केली, तेव्हा मी सीट सहाव्या खाचेवर नेऊन ठेवली आणि कुलूप लावलं. तेव्हापासून हात लावला नाही. टॉर्च घे, बघून ये. मग हवी असेल तर ने."

जिन्यावर सौरभची पावलं वाजली. खाली दार उघडल्याचा आवाज आला. मग गाडीचं.

तो वर आला तेव्हा टॉर्च चालूच होता. बंद करायचं त्याला सुचलं नव्हतं.

"कितवी?" काकांनी विचारलं.

सौरभने किल्ली कंदिलाशेजारी ठेवली, आणि दोन बोटं वर केली.