दुसरी पार्टी

घरं विकणाऱ्याला थोडं खोटं बोलावंच लागतं, आणि ज्याला ते जमत नाही त्याने सरळ दुसरा धंदा बघावा, असं ताईचं स्वच्छ मत होतं. वसाहतीत लहानथोर सगळे तिला ताईच म्हणत. वीस वर्षं ती इथली घरं दाखवत होती. ओल आलेल्या भिंतीला ती ‘थंडावा’ म्हणे, अंधाऱ्या खोलीला ‘झोपायला शांत’ म्हणे. पण तिचं खरं हत्यार म्हणजे दुसरी पार्टी.

त्याचं असं होतं. गिऱ्हाईक घर बघायला आलं, की दहा मिनिटांनी ताईचा फोन वाजे. तो कुणाचाच नसे, तिनेच गजर लावून ठेवलेला असे. मग ती जिन्यापाशी जाऊन, गिऱ्हाइकाला नीट ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात बोले, “हो हो, तुमची निकड कळते मला. पण आत्ता दुसरे लोक बघतायत ना...” एवढ्यावर निम्मी गिऱ्हाइकं गडबडून जात. आपल्याला नको असलेली वस्तूसुद्धा दुसऱ्याने उचललेली माणसाला बघवत नाही.

गल्लीच्या टोकाचं दुमजली घर मात्र दीड वर्ष भिजत घोंगड्यासारखं पडून होतं. वाईट काहीच नव्हतं त्याच्यात. लोक यायचे, बघायचे आणि ‘कळवतो’ म्हणून निघून जायचे. जसजशी गिऱ्हाइकं परत जाऊ लागली, तसतशी ताईची दुसरी पार्टी अंगाने भरत गेली. नवरा एवढा उंच, की दारातून वाकूनच येतो. बायको अबोल, पण येईल तेव्हा भिंती वितीने मोजत फिरते. आणि सासू. तिचे गुडघे गेलेले, सारखं मलम चोळावं लागतं, जिना चढवत नाही, म्हणून तिला खालचीच खोली हवी. उंची ताईने नळ दुरुस्त करणाऱ्याची घेतली होती, वीत एका जुन्या गिऱ्हाइकाची आणि गुडघे शेजारणीचे. तीस-पस्तीस जणांना तरी तिने ही माणसं ऐकवली असतील. सांगता सांगता तिला स्वतःलाच त्या म्हातारीची कणव येऊ लागली होती.

अशात तिच्या धाकट्या भावाला घर सोडायची वेळ आली. त्याच्या घरमालकाला जागा परत हवी होती, आणि भावजयीला सातवा महिना लागला होता. बाळ भाड्याच्या घरातून भाड्याच्या घरात फिरवायचं नाही, एवढं एकच तिने नवऱ्याकडे मागितलं होतं. भाऊ चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा. माणूस सोन्यासारखा, पण चप्पल घ्यायलाही तीन फेऱ्या मारणारा. आई गेल्यापासून ताईनेच त्याला वाढवलेलं. त्यामुळे हे घर त्यालाच मिळवून द्यायचं, आणि सख्ख्या भावाला थापा मारायच्या नाहीत, असं ठरवून तिने रविवारी दुपारी दोघांना बोलावलं.

ऊन चांगलं होतं. भावजय जिना चढायला नको म्हणून खालच्या खोलीत थांबली. भाऊ वर गेला आणि नेहमीप्रमाणे घोळ घालू लागला. खिडकी लहानच आहे का गं? पाणी किती वाजता येतं? शेजारी कसे आहेत? ताईच्या कपाळाची शीर उडायला लागली. तेवढ्यात फोन वाजला. गजर बंद करायचा ती विसरली होती. जित्याची खोड म्हणतात ती हीच. हात आपोआप फोनकडे गेला आणि पाय जिन्याकडे.

“हो, बोला,” ती हळूच म्हणाली. “आजींचे गुडघे, मला माहीत आहे हो. पण आत्ता माझा भाऊच आलाय बघायला. तुम्ही संध्याकाळपर्यंत...”

“आलोय आम्ही,” कानाशी एक म्हातारा आवाज म्हणाला. “खालीच बसलोय.”

ताईने फोन कानावरून काढला. पडदा काळा होता. कुणाचाच फोन लागलेला नव्हता. जिन्यातून एक वास वर येत होता, तिखट, थंड, सांध्यांना चोळायच्या मलमाचा. आणि खालच्या खोलीत खुर्ची करकरली. घर रिकामं होतं, बसायला त्यात साधं स्टूलसुद्धा नव्हतं.

ती कठडा धरून खाली उतरली तेव्हा भावजय खोलीतून बाहेर येत होती. चेहरा हसरा.

“ताई, किती गोड आहेत हो त्या आजी!”

“कोण आजी?”

“तुमच्या त्या दुसऱ्या गिऱ्हाइकांच्या. आत्ता परसात गेले तिघं. आजी म्हणाल्या, दीड वर्ष झालं, ताई आम्हाला सारखं बोलावते... पण आत घेतच नाही.”

ताईने खोलीत डोकावलं. कुणी नव्हतं. भिंतीवर धूळ साचली होती आणि त्या धुळीत बोटांचे ठसे होते. अंगठा आणि करंगळी, अंगठा आणि करंगळी, सारख्या अंतराने, चारही भिंतींवर. परसाचं दार तिने बघितलं. त्याला आतून कडी घातलेली होती. ताईची पाचावर धारण बसली.

आणि नेमक्या त्याच वेळी भाऊ धाडधाड जिना उतरून आला. “ताई, ठरलं माझं. घेऊ या हे घर.”

जन्मात पहिल्यांदा त्याने एका फेरीत काहीतरी ठरवलं होतं. भावजयीने आनंदाने त्याचा हात धरला. ताई दोघांकडे बघत राहिली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. दुसरी पार्टी वगैरे काही नाही असं कबूल करावं, तर ही पोरं उद्या इथे राहायला येणार. या घरात... बाळ घेऊन. तिच्या डोक्यात दुसरं काही येईना. वीस वर्षं जिभेवर जे बसलं होतं तेच बाहेर पडलं.

“उशीर झाला रे,” ती म्हणाली. “त्यांनी घेतलं. आत्ताच फोनवर हो म्हणाले. घर आता त्यांचं.”

भावजयीचे डोळे भरले. भाऊ नुसता भिंतीकडे बघत उभा राहिला. ताईला फार वाईट वाटलं, पण दोघांना गाडीत बसवलं तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला. आठ दिवसांत दुसरं घर शोधून देईन, असं तिने मनाशी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी ती आपलं दलालीचं दुकान उघडते न उघडते तोच भाऊ आला. चेहऱ्यावरून आनंद नुसता ओसंडत होता.

“ताई, काम झालं! काल तिन्हीसांजेला ते लोक आमच्याकडे आले होते. काय माणसं आहेत! म्हणाले, आम्हाला खालची खोली पुरते, वरचा मजला तुम्ही घ्या. आजींनी तर हिला सोबतच नेलं, इथल्या दगदगीत राहू नको म्हणून. मी सामान बांधून आता तिकडेच निघालोय.”

“ती... तिथे आहे? कालपासून?” ताई उठली. “अरे, असं कुणी नाहीच! ती माणसं मी रचली. घर खपावं म्हणून रचली रे!”

भावाचं हसू मावळलं.

“काल म्हणालीस त्यांनी घर घेतलं. आज म्हणतेस ते नाहीतच. ताई, माझ्याशी तरी खरं बोलायचं होतंस गं.” तो दारापर्यंत गेला आणि काहीतरी आठवून थांबला. “आजींनी तुला निरोप दिलाय. मला काही त्याचा अर्थ लागला नाही. म्हणाल्या, ताईने आम्हाला सगळं दिलं, उंची दिली, गुडघे दिले, घर दिलं. मूल तेवढं द्यायचं राहिलं होतं, तेही स्वतःच घेऊन आली.”