तिसऱ्या मशीनचा फोन

काम तसं साधं होतं. दिवेआगरजवळच्या एका धर्मादाय दवाखान्यात तीन जुने सर्व्हर होते आणि खाऱ्या वाऱ्याने ते आतून गंजायला आले होते. मशीन सुरू होताना ज्या डिस्कवरून जागं होतं, ती बूट डिस्क. तिन्ही मशीनच्या बूट डिस्क मला शेजारच्या नव्या स्टोरेजच्या कपाटात हलवायच्या होत्या. म्हणजे यापुढे मशीन इथे आणि त्याचा जीव त्या कपाटात. रविवार होता, दवाखाना बंद. दिवेलागणीपर्यंत उरकून पेणला घरी परतायचं, असा माझा बेत होता. भुताखेतांना मी भीक घालत नव्हते, हे आधीच सांगून ठेवते.

सर्व्हरच्या खोलीत एक म्हातारी स्टुलावर बसून होती. तिच्या समोर भिंतीला जुना टेलिफोन.

"ही भिमाबाई, सम्यकची आई," रिसेप्शनवरची हेतल मला बाजूला घेऊन म्हणाली. "ही मशीनं सम्यकच बघायचा. वीस सालच्या वादळात जनरेटर चालू करायला धावत येत होता... वाटेत अंगावर पोफळीचं झाड पडलं, तिथेच गेला." मग आणखी हळू आवाजात, "पेशंटना गोळ्यांची आठवण द्यायला त्याने तिसऱ्या मशीनवरून आपोआप जाणारे फोन लावून दिले होते, स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून. आईला तो फोन रोज चार वाजता इथे अजून येतो."

भिमाबाईने माझा हात धरला. "ताई, सगला बदला. पन त्याचा फोन ऱ्हाऊ द्या. तेवढाच हाय मला."

"राहील, मावशी. शब्द देते," मी म्हणाले. माझी आई जाऊन दोनच वर्षं झाली होती. तो हात सोडवताना जिवावर आलं.

दोन डिस्कची कॉपी गुमान झाली. तिसरी संपायला साडेतीन वाजले. शब्द दिला होता म्हणून मी त्या फोनचा प्रोग्राम शोधला. सापडला. पण तो वादळाच्याच दिवशी बंद पडला होता आणि त्यानंतर एकदाही चालला नव्हता. सम्यकच्या आवाजाच्या रेकॉर्डिंगची जागा रिकामी होती. मी तीनदा तपासलं. खोलीत एसी चालू होता, तरी कुठून तरी ओल्या, नुकत्याच मोडलेल्या झाडाचा वास येत होता.

म्हातारीला हे कोणत्या तोंडाने सांगू? तिन्ही मशीन बंद केली, जुन्या डिस्क उपसून टेबलावर मांडल्या आणि नव्या कपाटाच्या केबल जोडल्या. पंखे थांबले तशी समुद्राची गाज ऐकू यायला लागली. घड्याळात पाहिलं, तर चारला मिनिट कमी.

"मावशी, आज फोन जरा..."

फोन वाजला.

भिमाबाईने तो सवयीने उचलला. "व्हय रं... खाल्ली गोली. भाकरी पन खाल्ली." मग थोडा वेळ ऐकत राहिली, हसली आणि रिसीव्हर माझ्यापुढे धरला. "तुमाला द्याला सांगतोय."

आधी नुसता वारा, माडांच्या वाडीतून घोंघावत येणारा. मग अगदी कानाशी, धाप लागलेला आवाज...

"ताई... दुसऱ्या नि तिसऱ्या मशीनच्या केबल उलट लागल्यात. तशीच चालू करू नका... पेशंटची माहिती जाईल..."

मी कपाटामागे वाकून पाहिलं. उलटच लागल्या होत्या. पंधरा वर्षांच्या नोकरीत ही चूक मी कधी केली नव्हती. दोन्ही केबल अदलाबदल करून लावल्या आणि पुन्हा तपासल्या. मग एकेक मशीन चालू केलं. तिन्ही नीट जागी झाली. भिमाबाई तोवर पदराने टेलिफोन पुसत बसली होती.

या फेब्रुवारीत भिमाबाई गेली. परवा हेतलचा फोन आला.

"ताई, चारचा फोन अजून वाजतो. वायर काढून टाकू का?"

"राहू दे गं," मी म्हणाले. "शब्द दिलाय मी. कुणी उचलणारच नाही, तर थांबेल आपोआप."



"तेच तर ना, ताई... दोनदाच वाजतो. मग कुणीतरी उचलतं. आणि खोलीला कुलूप असतं, चावी माझ्याकडे..."