हॅश विसरलेली ओळ

माझ्या बस कंपनीत माझ्या परवानगीवाचून चाक हलत नाही. माझ्या दोन कर्मचाऱ्यांनी प्रेम मात्र मला न विचारता केले... आणि तेही माझ्याच हुकमामुळे!

जावा बेटावरच्या बांडुंग आणि चिरेबोन येथील माझ्या डेपोंतल्या संगणकांवर दिलेल्या सर्व नव्याजुन्या कमांड एकाच इतिहासात जमा व्हाव्यात, असा तो हुकूम होता. एकाचे ज्ञान दुसऱ्याच्या कामी यावे, एवढाच हेतू. त्याच दिवशी बांडुंग डेपोत संगणक सांभाळणाऱ्या किनांतीने आपली मागची कमांड पाहण्यासाठी वरचा बाण दाबला, तर पडद्यावर भलतीच ओळ उमटली: "आई, जेवलो."

चिरेबोन डेपोत त्याच कामावर नव्याने लागलेल्या गिनांजारने आईचा निरोप चुकून तिथेच टाइप केला होता.

ओळीआधी हॅशचे चिन्ह दिले, की यंत्र ती ओळ पाळत नाही. इतिहासात मात्र जपून ठेवते. किनांतीने लिहिले, "# काय जेवलात?"

"# सागाच्या पानातला भात. आपण कोण?"

"# जिच्या इतिहासात तुम्ही उष्ट्या हाताने शिरलात, ती."

"# मग... बाहेर काढणार?"

"# बघू. वागणुकीवर आहे."

पुढे कमांड कमी आणि हॅशच्या ओळीच जास्त होऊ लागल्या. मी सारे वाचत होते आणि चालू देत होते.

ईदच्या तिकीटविक्रीच्या सकाळी चिरेबोनचे तिकिटांचे यंत्र अडकले. बाहेर, सणाला गावी निघालेल्यांची रांग रस्त्यापर्यंत गेलेली. मी स्वतः डेपोत उभी होते.

"दुपारपर्यंत तिकीट खिडक्या उघडल्या नाहीत, तर उद्यापासून येऊ नका," मी गिनांजारला बजावले.

त्याच्या मदतीला निघालेली किनांती महामार्गावरच्या कोंडीत अडकली होती. फोन लागत नव्हता. तेव्हा त्याने इतिहास धुंडाळला. मागल्या ईदला हाच बिघाड तिने बांडुंगमध्ये दुरुस्त केला होता. कमांड जशीच्या तशी होती आणि वर तिची टीप: "# यंत्रातलं अडकलेलं कुलूप काढा. घाबरू नका."

त्याने तीच कमांड दिली. खिडक्या उघडल्या, रांगेत एकच जल्लोष झाला!

"कांग, जिंकलात!" खिडकीवरच्या मुली ओरडल्या; तरुणाला आमच्याकडे अशीच आदराने हाक मारतात.

त्या आनंदाच्या भरात त्याने टाइप केले, "किनांती माझ्याशी लग्न कराल" — आणि हॅश राहून गेला.

यंत्राने तत्काळ उत्तर दिले: "किनांती: अशी कमांड सापडली नाही."

मुली खो खो हसल्या. तो कानापर्यंत लाल झाला... आणि दारात, खांद्यावर पिशवी घेऊन, घामाने निथळलेली किनांती उभी होती.

"नकार यंत्रानं दिलाय, कांग. मी नाही," ती म्हणाली. "उठा. मला बसू द्या."

तिने चार ओळींची एक नवी कमांड रचली आणि तिला स्वतःचेच नाव दिले.

"आता पुन्हा द्या."

"तेह... सगळ्यांसमोर?" त्याने मुलींसाठीच्या तशाच आदराच्या हाकेने विचारले.

"मघाशी कुणाला विचारलं होतंत?"

त्याने तेच शब्द पुन्हा टाइप केले. पडद्यावर उमटले: "हो. पण आधी माझ्या आईला भेटा."

त्याने भीतभीत माझ्याकडे पाहिले. "इबू... बाईसाहेब, आज तर इतकी गर्दी..."

"बांडुंगची बस सुटते आहे. दोघेही चढा, हिच्या आईला भेटून या," मी दरडावले आणि पदर खोचल्याच्या थाटात शालीचे टोक खांद्यामागे टाकले. "तिकीट खिडकीवर मी बसते."