निळ्या तिरप्या रेघा

"नकाशा कुणी बघितला होता?"

नवऱ्याने सरकारी नोटीस तिच्यासमोर जेवणाच्या टेबलावर आपटली. ज्या जागेवर त्यांचं घर उभं राहायचं होतं, तिचा निम्म्याहून जास्त भाग संरक्षित पाणथळ निघाला होता. पाणथळ म्हणजे पाणी पोटात धरून ठेवणारी जमीन. आसपासच्या विहिरी तिच्यावर जगतात, पाखरं तिथे अंडी घालतात, म्हणून तिथे एक वीटसुद्धा रचायची नसते. यांनी तर बावीस गाड्या भराव टाकला होता, पाया खणला होता...

"तू बाबांना दाखवला होतास ना? मोजणी खात्यात चौतीस वर्षं नकाशे काढलेला माणूस घरात असताना ही चूक होतेच कशी?"

खिडकीपाशी बसलेल्या सासऱ्यांनी पेपर चेहऱ्यासमोर आणखी वर धरला. तिने ते पाहिलं.

तिने नकाशा खरंच दाखवला होता. कागदावरून हात फिरवून ते म्हणाले होते, "स्वच्छ आहे, सूनबाई. खुशाल बांधा." बाबांनी पाहिलं म्हटल्यावर कुणी तो पुन्हा उघडला नाही. पण तीन आठवड्यांपूर्वी चुकून तिने त्यांच्या पुढ्यात कालचा पेपर ठेवला, आणि बाबांनी त्यातून आजच्या बातम्या वाचून दाखवल्या... सकाळी रेडिओवर लागलेल्या, अगदी त्याच क्रमाने! म्हणजे पेपर ते नुसताच धरत होते! धावत जाऊन तिने नकाशा उघडला. जागेच्या मधोमध फिकट निळ्या तिरप्या रेघा होत्या, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत त्यांचा अर्थ: पाणथळ.

तेव्हापासून दारावर थाप पडली की ती दचकायची. सांगावं, तर बाबांचा उभ्या आयुष्याचा अभिमान मातीला मिळणार... लग्नानंतर ह्याच टेबलाशी बसवून, तिच्या चुकांना एकदाही न हसता, ज्यांनी तिच्याकडून शिक्षिकेच्या परीक्षेचं गणित करून घेतलं, त्यांचा! आणि न सांगावं, तर रोज आणखी एक गाडी माती पडणार...

"दाखवला नव्हता," ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला.

"काय?"

"दाखवते म्हणाले आणि... राहून गेलं. तुम्हाला खोटंच सांगितलं."

"मुलांच्या वहीत एक वेलांटी चुकली तर लाल पेन निघतं तुझं! आणि इथे?" नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आजच तुझ्या भावाकडे निघून जा. तोंडसुद्धा बघवत नाही मला तुझं!"

बाबांनी पेपराचं पान उलटलं. तो आवाज नवऱ्याच्या शब्दांहून खोल रुतला.

अकरा वाजता जागेवर सरकारी पाहणी होती. "तू येऊ नकोस," नवरा म्हणाला, तेव्हा मात्र बाबा तिचा दंड चाचपत पुटपुटले, "येऊ दे. हिच्याशिवाय मला चालवणार नाही."

पायाच्या खड्ड्यात काळं पाणी झिरपून वर आलं होतं, जणू जमिनीने गिळलेलं सगळं परत द्यायला सुरुवात केली होती. अधिकारी बाईंनी गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरला आणि नकाशा न तपासता भराव टाकल्याच्या तिच्या जबाबाचा कागद पुढे ठेवला.

"ज्याची सही, त्याच्यावर ठपका. तुम्ही शिक्षिका ना? नोकरीवरही येऊ शकतं, आधीच सांगते."

शाळा, तिची पोरं, तिचा फळा... तरी तिने पेन उचललं.

"थांबा!" गाडीला धरून धरून बाबा पुढे आले. "बाई, ह्या नकाशात रेघा किती, मला विचारा."

"आजोबा, आत्ता हे काय..."

"विचारा तर!"

"बरं. किती?"

"एकही नाही!" त्यांचा आवाज फाटला. "मला एकही दिसत नाही... दोन वर्षं झाली. नकाशा हिने दाखवला होता. स्वच्छ आहे म्हणालो, तो मी!"

"बाबा..." नवरा एक पाऊल पुढे आला. "मला का नाही सांगितलंत?"

"भ्यालो रे! नजर गेलेला नकाशेवाला म्हणजे घरातली अडगळच की! सकाळी ही माझ्यासाठी बोल खात उभी राहिली, तरी माझी जीभ उचलली नाही. पोरी, क्षमा कर मला!"

तिने त्यांचे हात घट्ट धरले.

अधिकारी बाईंनी जुना कागद बाजूला सारला. "नवा जबाब लिहू. भराव महिन्याभरात उचला. कारवाई टळणार नाही. वरच्या कोरड्या पट्ट्यात दोन खोल्या बसतील, पण परवानगी मिळाल्यावरच."

नवरा तिच्याकडे वळला. "तुला हे कधी कळलं?"

पुन्हा तीच भीती! 'आत्ताच' म्हटलं की सुटका होती... पण आता खोटं बोलायचं बळच उरलं नव्हतं.

"तीन आठवड्यांपूर्वी. त्यानंतरही गाड्या येत होत्या... आणि मी गप्प राहिले."

तो त्या काळ्या पाण्याच्या कडेपर्यंत गेला आणि परत आला.

"तीन आठवडे," तो शेवटी म्हणाला, "एकटीच घाबरत होतीस?"

त्याने डोळे पुसले आणि बाबांचा दुसरा दंड धरला.

"बाबा, पुढे चिखल आहे. सावकाश... ही सांगेल तिथेच पाय टाका. मीही तिथेच टाकतो."