पाचवी मूठ

एरंडोलच्या शाळेत फळ्याशेजारी जगदीशने हौसेने रंगवलेला तक्ता लावला होता. मधे लाल बटुतारा, भोवती पाच ग्रह. तारा तसा शेजारचाच, त्याचा प्रकाश बारा वर्षांत इथे पोचतो. ग्रह पुढून गेला की ताऱ्याचा उजेड किंचित मंदावतो आणि वेधशाळेच्या आलेखात खाच पडते. तो आलेख जगदीश दर शनिवारी नववीच्या मुलांना संगणकावर दाखवी. पाच ग्रह, पाच खाचा.

बारा वर्षांपूर्वीच त्याचा धाकटा भाऊ समाधान नरडाणा स्टेशनावर गाडीत बसला, तो परत आलाच नाही.

शुक्रवारी त्याची आई वच्छलाबाई कानबाई देवीच्या नैवेद्याच्या रोटांसाठी गहू काढायला बसली. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने फडक्यावर एक मूठ. तिच्या नवऱ्याची म्हणजे आबांची, जगदीशची, त्याच्या दोन पोरांची. पाचवी समाधानची.

"त्यानी मूठ आते नको टाकू, माय. बारा वरीस हुई ग्यात."

"तो यी, जगू."

तिचं हे वाट पाहणं जगदीशला आता सोसवत नव्हतं. त्याने पाचवी मूठ उचलून पोत्यात टाकली.

शनिवारी सकाळच्या शाळेत त्याने आलेख उघडला. चार खाचा. त्याने गेल्या वर्षीचे कागद काढले. त्यांवरही चारच.

"पुनम, आपल्या ताऱ्याचे ग्रह किती गं?"

"चार, सर."

तक्त्यावर चार. खाडाखोड नाही, अक्षर त्याचंच. त्याचं डोकं चालेना. विज्ञानाच्या मास्तराला शोभणारं नव्हतं, पण त्याला ती मूठ आठवली आणि तो घाबरला. वर्ग तसाच सोडून त्याने घर गाठलं. गहू अजून दळायला गेले नव्हते.

"माय, समाधाननी मूठ परत टाक."

"कोन समाधान?"

आई थट्टा करणारी नव्हे. भिंतीवर समाधानच्या फोटोच्या जागी नुसता खिळा होता.

जगदीशने पोत्यात हात घालून मूठ भरली.

"हाई मूठ कोना नावनी रे?" आईने विचारलं.

तो सांगायला गेला. नाव आत्ता तर ओठांवर होतं.

मूठ आवळून तो बसून राहिला.

आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"काय व्हयनं, माय?"

"काय मालूम," ती म्हणाली, आणि चार ढिगांशेजारी फडक्यावरची वीतभर जागा हाताने साफ करत राहिली.