न विस्कटलेला बिछाना

पलंगावरची पांढरी चादर चारही कोपऱ्यांनी ताणून बसवताना ताईच्या डोळ्यांतलं पाणी टपकन तिच्यावरच पडलं, आणि हा डाग कुणाच्या नजरेला पडायला नको म्हणून ती तळहाताने तो वाळवत बसली. एवढा प्रशस्त व्हिला, एकटीसाठी पोहण्याचा तलाव, उंच भिंतीआडची बाग... आणि बोलायला म्हणून चिटपाखरू नाही!

धाकट्या भावाने तिला आठवडाभरासाठी इथे आणून सोडलं होतं. "आयुष्यभर राबलीस, आता जरा आराम कर," म्हणाला. आई-वडील गेल्यावर तिनेच लोकांचे कपडे शिवून त्याला वाढवलं होतं आणि स्वतःच्या लग्नाचा विषय दर वेळी हसण्यावारी नेला होता. पण इथे येण्याच्या आदल्या दिवशी भावजय फोनवर कुणाला तरी सांगत होती, "ताईंची खोली मोकळी झाली की मुलांची सोय होईल." ते कानावर पडल्यापासून तिच्या व्याकूळ मनात एकच शंका घर करून होती... हा आराम म्हणजे निरोप तर नव्हे?

इथेही ती अंग चोरूनच राहत होती. कप धुऊन जागच्या जागी, टॉवेलांच्या घड्या तशाच, बॅग कपाटात आत सरकवलेली. साफसफाईला येणाऱ्या बाईला हात लावायला काही उरत नसे. आज ती बाई आली तेव्हा ताई बागेच्या पार टोकाला झाडाआड बसली होती. बाईने दोन हाका मारल्या, बिछाना पाहिला, न्हाणीघर पाहिलं आणि व्हिलाच्या ऑफिसात कळवून मोकळी झाली की पाहुण्या निघून गेल्या.

दुपारी भाऊ धापा टाकत आला. ताई तलावात पाय सोडून बसली होती.

"इथल्या ऑफिसातून फोन आला, तू निघून गेलीस म्हणाले. फोन का उचलत नाहीस?"

"बॅगेत राहिला बघ. आणि मी कुठे जाणार रे? मला जायला जागा तरी आहे का?"

"असं का बोलतेस?"

"मुलांना खोली लागतेय ना? मग सरळ सांगायचंस. त्यासाठी एवढा थाटमाट कशाला?"

कामाच्या ठिकाणी तो बेमालूम थापा मारत असे, पण ताईपुढे त्याला ते कधी साधलं नव्हतं. तो बुटांसकट तिच्याशेजारी फरशीवर बसला.

"विषय निघाला होता," तो म्हणाला. "मी 'नको' म्हणालो नाही."

तिने पाय पाण्याबाहेर काढले. त्याने मागे व्हिलाकडे बोट दाखवलं.

"आत्ता आत जाऊन आलो, ताई. तू इथे राहतेस अशी एक खूण नाही कुठे. घरीही तू अशीच राहिलीस... आणि आम्ही समजलो, हिला काही लागतच नाही."

"पुरे आता. जेवलास का काही?"

"ते राहू दे. तुला काय हवंय ते सांग."

हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारलाच नव्हता! ती गोंधळली, पदराशी चाळा करत हळूच म्हणाली, "घरी ने मला. आणि माझ्या खोलीला आतून कडी बसवून दे."

"कडी नाहीये?"

"कधीच नव्हती."

तो तिच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून रडू लागला. त्याच घरात तो लहानाचा मोठा झाला होता, तिच्या खोलीत हवं तेव्हा शिरला होता, आणि एकदाही त्याने दार वाजवलं नव्हतं.